जानेवारीचे आकडे

८ जानेवारी

ताईने आज ही वही हातात दिली. म्हणाली, तुझी बडबड ऐकून माझे कान किटलेत, आता जे काय असेल ते हिच्यात लिही. लहानपणी तिने माझं नाव भुंगा ठेवलं ते काही उगाच नाही. एका जागी बसलो की मला काहीतरी चावायला लागतं.

तर लिहितो. या खोऱ्यातल्या दोनशे बारा घरांना इंटरनेट द्यायचं आहे. त्याचे मार्ग दोन. एक आमचा, फिक्स्ड: टेकडीवर टॉवर, प्रत्येक घराच्या छपरावर एक अँटेना, तिचं तोंड टॉवरकडे करायचं आणि बोल्ट आवळायचे. दुसरा मोबाइल: सिम घातलेला एक डबा घरात कुठेही ठेवून द्यायचा. तो सापडेल त्या टॉवरचा हात धरतो, एकाने सोडला की दुसऱ्याचा धरतो. दोन्हींची मानकं वेगळी, यंत्रं वेगळी आणि माणसंही वेगळी. दोघांनी आपापली मोजणी करायची आणि जूनमध्ये गावकऱ्यांच्या समितीने एक निवडायचा, असं ठरलंय. मी फिक्स्डचा. वीस वर्षं बोल्ट आवळतोय. धरसोड करणारी यंत्रं मला आवडत नाहीत, आणि धरसोड करणारी माणसंही.

मुक्काम ताईकडेच आहे आणि चाचणीचं पहिलं घरही तिचंच. कारण भाऊजी. दोन महिने झाले, हृदयाच्या दुखण्याने ते शहरात रुग्णालयात पडून आहेत. डॉक्टर म्हणतात, घरी न्या, पण छातीला लावलेल्या यंत्राच्या नोंदी चोवीस तास आमच्यापर्यंत पोचल्या पाहिजेत. म्हणजे न तुटणारं इंटरनेट हवं. ताईने मला विचारलं, "तुझं ते टिकेल ना रे?" मी म्हटलं, "डॉक्टरांना माझं नाव सांग."

११ जानेवारी

छपरावर अँटेना बसवली. मीटरवर उणे एकसष्ट. आमच्या धंद्यात उणे साठ म्हणजे कानाशी येऊन सांगितल्यासारखं आणि उणे नव्वद म्हणजे समोरच्या डोंगरावरून ओरडल्यासारखं. वेग बेचाळीस एमबीपीएस. ताईला आकडे सांगितले तर ती म्हणाली, आधी छपरावरून खाली उतर, माकडासारखा काय बसलायस.

अंगणात तीन अक्रोड आहेत. त्यांच्या उघड्या फांद्यांमधून टॉवर इतका स्वच्छ दिसतो की शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात. आम्ही मोजणी नेहमी थंडीतच करतो. हवा स्वच्छ असते, शेतात कामं नसतात, फांद्या आड येत नाहीत. ऑफिसची ही जुनी वहिवाट आहे आणि ती घालून देणारी माणसं शहाणी होती.

१२ जानेवारी

मोबाइलवाल्यांनी एक मुलगी पाठवलीय. स्कूटरच्या पुढच्या टोपलीत डबा ठेवून दिवसभर खोऱ्यात हिंडते आणि त्याला मोजणी म्हणते. मी तिचं नाव सिमवाली ठेवलंय. आज कुंपणाशी थांबून अक्रोडांकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "सर, झाडांचं काय करणार?"

मी म्हटलं, "झाडं कुठे जाणार आहेत? सव्वीस वर्षं तिथेच उभी आहेत."

तिने पुन्हा एकदा फांद्यांकडे बघितलं. चेहऱ्यावर होतं काहीतरी. तिच्या डब्याचा वेग पाच. कधी सहा. मी आकडा ऐकून फक्त मान हलवली, हसलो नाही. तेवढं मला कळतं.

१९ जानेवारी

भाऊजी घरी आले. गाडीतून उतरल्यावर आधी अक्रोडांपाशी गेले, प्रत्येकाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि मग घरात. ते सुतार. ही झाडं त्यांनी लग्नाच्या वर्षी लाकडासाठी लावली. म्हणतात, अजून दहा वर्षं, मग याच्या फळ्या काढीन. डॉक्टरांनी त्यांना दहा वर्षांचा शब्द दिलेला नाही, पण ते झाडांना कोण सांगणार.

त्यांची खाट खिडकीला लावली. पडल्या पडल्या टॉवरवरचा तांबडा दिवा दिसतो. उशाशी पांढरं यंत्र, छातीवरच्या नोंदी तेच पुढे पाठवतं. दहा मिनिटं नोंद पोचली नाही तर ते टिटटिट वाजतं, म्हणजे घरातल्यांनी रुग्णालयाला फोन करायचा. दिवसभरात एकदाही वाजलं नाही. ताई दोन महिन्यांनी खुर्चीत पाठ टेकून बसली. मला फार बरं वाटलं, आणि थोडा माजही आला. तोही लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी

अहवाल पाठवला. दोनशे बारा छपरं, प्रत्येकासाठी तेवीस रकान्यांचा फॉर्म. घरापासून टॉवरचं अंतर, छपराची उंची, वीज कुठून, कुत्रा आहे का, सगळं. साहेबांचा फोन आला, इतका स्वच्छ अहवाल आपल्या ऑफिसात कोणी लिहिला नव्हता म्हणाले. आता जूनपर्यंत वीस घरांत चाचणी चालवायची आणि मग समितीची सही.

घरी फोन केला. बायको म्हणाली, अहवाल गेला ना, मग परत ये. मी म्हटलं, चाचणी आहे. ती म्हणाली, तुला इथे बसवत नाही म्हणून तू तिथे आहेस. यावर मी विषय बदलला.

३ मार्च

सिमवाली ताईच्या स्वयंपाकघरात तिचा एक डबा ठेवून गेली. म्हणाली, असू दे इथे, चाचणीसाठी. मला न विचारता. ताईने तिला चहा दिला, तासभर गप्पा मारल्या. ती गेल्यावर मी डबा बंद करून कपाटावर ठेवला. दोन यंत्रं शेजारी शेजारी असली की मोजणीत गोंधळ होतो. तसा होत नाही, पण ताईला काय माहीत.

१४ एप्रिल

समितीचे अध्यक्ष म्हणजे पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या घरचा आकडा आज उणे त्र्याहत्तर. जानेवारीत त्रेसष्ट होता. बोल्ट ढिला झाला असणार. आवळला. फरक नाही. पुन्हा आवळला.

त्यांच्या कुंपणाची झाडं मात्र काय हिरवीगार झालीत. सगळं खोरंच हिरवं झालंय, बघत राहावंसं वाटतं. आमचे अक्रोड तेवढे ढिम्म. भाऊजी म्हणतात, तो उशिरा उठणारा प्राणी आहे, त्याला घाई करायची नाही.

२२ एप्रिल

चाचणीच्या वीसपैकी नऊ घरांत आकडे घसरलेत. ताईकडे तसाच, एकसष्ट. म्हणजे यंत्रात खोट नाही, बसवणाऱ्यांत आहे. बसवणारा मीच. छपरं चढून चढून गुडघे बोलायला लागलेत, पण खाली बसलो की जास्त त्रास होतो.

२ मे

अक्रोडांना पालवी फुटली. आधी तांबूस, मग हिरवी. भाऊजी सकाळी उठून खिडकीत बसले होते, ताई त्यांच्या पाठीशी उभी. मी दारातूनच परत फिरलो.

आकडा सहासष्ट. हवा दमट आहे.

९ मे

यंत्र आज तीनदा टिटटिटलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा माझ्या हातातला पाना पडला. ताईने रुग्णालयाला फोन केला, भाऊजी ठीक होते, फक्त नोंद पोचत नव्हती. मी छपरावर जाऊन वायरचं टोक बदललं. पाणी शिरलं असणार. आकडा चौऱ्याहत्तर.

ताईने जेवताना विचारलं, "सारखं असं होणार का?" मी म्हटलं, टोक बदललंय. तिने ताटावरून वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय की नोंदी अशा तुटत राहिल्या तर भाऊजींना परत न्यावं लागेल. हे भाऊजींच्या समोरच सांगितलं होतं.

१३ मे

भाऊजी म्हणाले, "आज टॉवरचा दिवा दिसला नाही." बल्ब गेला असणार. टॉवरच्या रखवालदाराला फोन केला, तो म्हणाला दिवा चालू आहे. ही माणसं जागची न हलता सगळं चालू आहे म्हणतात. लेखी तक्रार पाठवली.

आता अंगणात दुपारभर गार सावली असते. ताईने खुर्च्या अक्रोडाखाली आणून ठेवल्यात. उन्हाचा कवडसाही खाली उतरत नाही. काम नसतं तर मीही बसलो असतो.

१७ मे

टोक बदलल्याचा गुण आला. चार दिवसांत यंत्र एकदाही वाजलं नाही. मीटर मात्र एकोणऐंशी दाखवतंय. आकडा वाईट आणि यंत्र गप्प, म्हणजे मीटरच बिघडलंय. तपासायला पाठवायला हवं.

भाऊजींची तब्येत छान दिसते. परवा त्यांनी ताईकडून आणखी एक जाड उशी मागून घेतली. त्यांचा उशाकडचा पसारा ते स्वतःच आवरतात, कोणाला हात लावू देत नाहीत. सुताराची सवय, हत्यारं दुसऱ्याच्या हातात द्यायची नाहीत.

२० मे

रुग्णालयातल्या परिचारिकेचा ताईला फोन. नोंदींत मोठमोठी भगदाडं आहेत म्हणे. ताईने मला विचारलं. मी म्हटलं, यंत्र वाजत नाही ना, मग भगदाड त्यांच्याकडचं आहे. ताई म्हणाली, "भुंग्या, तुला खात्री आहे ना?" मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. नंतर अंगणात जाऊन उगीच पाने-पक्कड पुसत बसलो.

२५ मे

परवाचं आज लिहितोय.

परवा दुपारी तो दिवा एकदाचा बघून टाकावा म्हणून टेकडीवर गेलो. सकाळीच पाऊस पडून गेला होता, वारा होता. रखवालदाराने बटण दाबलं आणि दिवा लागला. तांबडा, चांगला टपोरा. तो म्हणाला, "रोज संध्याकाळी मीच लावतो, साहेब." मी तोंडात मारल्यासारखा उभा. मग म्हटलं, आलोच आहे तर मचाणावर चढून ताईचं घर बघू. जानेवारीत इथून मी तिच्या छपरावरची निळी टाकी बघितली होती, अँटेनासुद्धा ओळखली होती.

टाकी नव्हती. छप्पर नव्हतं. घर नव्हतं. जिथे घर असायला हवं तिथे ओल्या पानांचा हिरवा ढीग हलत होता. डावीकडे वळलो तर गिरणीवाल्यांच्या घराच्या जागी तसाच ढीग. मी मचाणावर उभा राहून एकेक घर शोधत होतो आणि मला झाडं सापडत होती. आमच्या रेडिओ लहरी पानांतून जात नाहीत, ओल्या पानांतून तर नाहीच, हे मी नव्या पोरांना वर्गात शिकवतो. दर वर्षी शिकवतो.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. भाऊजी खाटेवरून घसरून खाली पडलेत, ओठ निळे पडलेत. मी विचारलं, यंत्र वाजलं का. ती म्हणाली, नाही. रुग्णालयातून फोन आला का. नाही.

टेकडी कशी उतरलो आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका आली होती. परिचारिकेने फोनवर सांगितलं, सकाळी साडेअकरानंतर आमच्याकडे एकही नोंद नाही. भाऊजींचं हृदय दुपारी दीडपासून अडखळत होतं. यंत्राने ते सगळं टिपून ठेवलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं.

खाट सरकवली तेव्हा यंत्र सापडलं. दोन जाड उशांच्या मध्ये, वर टॉवेल गुंडाळून. टॉवेल काढला आणि ते टिटटिटायला लागलं. ते थांबलंच नव्हतं.

२८ मे

भाऊजी वाचले. आज बोलू दिलं. ताई डॉक्टरांकडे गेली तसं मला जवळ बोलावलं.

"आवाज मी दाबला," म्हणाले. "पुन्हा इकडे आणतील म्हणून. तुझ्या बहिणीला सांगू नकोस."

मी सांगितलं की तिनेच खाट सरकवली होती. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मग मी माझं सांगितलं. पानांचं. ते हसले, छाती दुखल्यावर थांबले. "दिवा पानांमागे गेलाय हे मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाले. "तू बल्ब म्हणालास. मला बल्बच हवा होता."

बाहेर येऊन मी जिन्यात बसलो आणि रडलो. वरून येणारी एक बाई थांबून पाणी देऊन गेली.

३१ मे

घरी एकटाच आहे. ही वही पहिल्यापासून वाचली. चौदा एप्रिल: कुंपणाची झाडं हिरवीगार, आकडा त्र्याहत्तर. दोन मे: पालवी, सहासष्ट. तेरा मे: गार सावली, दिवा दिसत नाही. सगळं मीच लिहिलंय, एकाच पानावर, दोन ओळींच्या अंतरावर. तेवीस रकान्यांच्या फॉर्ममध्ये कुत्र्याला जागा होती, पानांना नव्हती. आणि त्या मुलीने बारा जानेवारीला विचारलं होतं.

कपाटावरून तिचा डबा काढला. धूळ पुसली. वायर लावली. वेग साडेचार. खिडकीत दोन तास त्याच्यासमोर बसलो. एकदाही तुटला नाही; त्याच्या लहरी पानांतूनही वाट काढतात. भाऊजींच्या यंत्राला किती वेग लागतो ते शोधलं. चारचा शंभरावा भागही नाही. मी पाच महिने बेचाळीसचा तोरा मिरवत होतो.

२ जून

डॉक्टर म्हणतात, नोंदी पोचणार याची लेखी हमी द्या, मग घरी न्या. ताई तडक म्हणाली, तीन झाडं आहेत, एका दुपारचं काम, तोडून टाक. तिने हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

खरं लिहितो: माझ्या मनात ते तिच्याआधी आलं होतं. तीन अक्रोड गेले की ताईचा आकडा पुन्हा एकसष्ट. अहवाल खरा. समितीची सही बारा तारखेला.

भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "तोडा. पण ओलं लाकूड लगेच चिरू नका, तडकेल. सावलीत वर्षभर ठेवा." सव्वीस वर्षं वाट बघणारा माणूस. इतक्या सहज म्हणाले की मला तिथे उभं राहवेना.

५ जून

सिमवालीला फोन केला. म्हटलं, तुमच्या स्कूटरवर मागे बसायचंय. ती म्हणाली, हेल्मेट आणा.

तीन दिवस खोरं पालथं घातलं. ती चालवायची, मी मागे वही घेऊन. प्रत्येक घरापाशी थांबून टॉवर दिसतो का बघायचं. एकशे सदतीस घरांत दिसत नाही. कुठे फळबाग, कुठे वाऱ्यासाठी लावलेली रांग, कुठे एकच म्हातारं झाड. तीन अक्रोड पाडून माझा अहवाल खरा होणार नव्हता. सगळं खोरं बोडकं करावं लागलं असतं.

तिच्या डब्याचेही दोष दिसले. शाळेत साठ मुलं एकदम जोडली की तो हात टेकतो, तिथे माझी अँटेना मस्त चालते, मध्ये मैदान आहे. तिने ते स्वतःहून वहीत लिहायला लावलं. मी विचारलं, जानेवारीत तुम्ही मला नीट का नाही सांगितलंत. ती म्हणाली, "सर, तुम्ही शिकवलेल्या वर्गात मी होते. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि उरलेल्या रस्त्यात ती वर केली नाही.

९ जून

साहेबांचा फोन. अहवाल मागे घेतोय म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. "पानांचं तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, हो, विचारलं होतं. ते म्हणाले, आधी सही होऊ दे, अडचणी नंतर सोडवू, हे काम हातून गेलं तर तुझी जागा मी वाचवू शकणार नाही. मी फोन ठेवून अंगणात अकरा फेऱ्या मारल्या. अजून पाय थांबत नाहीत.

१२ जून

शाळेच्या वर्गात सभा. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. गिरणीवाल्यांच्या पुढ्यात माझा अहवाल, सहीच्या पानावर खूण. मी उठलो. रात्री पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"हे आकडे खरे आहेत," मी म्हटलं, "पण जानेवारीपुरतेच. तेव्हा झाडांना पानं नव्हती. आता आहेत. माझ्या बहिणीच्या घरी यामुळे माणूस जाता जाता राहिला."

गिरणीवाल्यांनी चष्मा काढला. त्यांचा आणि भाऊजींचा जुना स्नेह. विचारलं, "हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "माहीत होतं. बघितलं नाही."

मग गलका झाला. एकजण म्हणाला, पाच महिने आमच्या छपरांवर नाचलात ते कशाला. एक बाई म्हणाली, म्हणजे आम्ही अजून वाट बघायची. दोघांचंही बरोबर होतं. मी नवा कागद ठेवला: पंचाहत्तर घरं आणि शाळा फिक्स्ड, बाकीच्यांना मोबाइल, आणि सगळीकडे पुन्हा मोजणी, पानं असताना, पाऊस पडून गेल्यावर. सिमवालीने तिचे आकडे वाचले, शाळेतला दोषही वाचला. सही झाली नाही. निर्णय दोन महिने पुढे ढकलला.

बाहेर पडताना गिरणीवाले म्हणाले, "माझ्या छपरावरचा बोल्ट आता सैल करा. कौल फुटेल."

१८ जून

या कामावरून मला काढलं. ऑफिसात फॉर्म तपासायच्या टेबलावर बसवलंय. बसवलंय हा शब्द अगदी बरोबर आहे.

२ जुलै

भाऊजी घरी. मी सुट्टी काढून आलोय; डॉक्टरांना हमी सिमवालीच्या डब्याच्या जोरावर लिहून दिली. डबा खिडकीत, यंत्र उशाशी, मध्ये दोन हातांची वायर. ताईने जास्तीच्या उशा उचलून माळ्यावर टाकल्या. भाऊजींनी तिला जाऊ दिलं, मग मला म्हणाले, "वाजलं तर तू बल्ब म्हणायचं नाहीस." मी म्हटलं, "आणि तुम्ही टॉवेल गुंडाळायचा नाही." असा करार झाला. ताई जिन्यात उभी राहून ऐकत होती, ती खाली आली तेव्हा नाक पुसत होती.

अक्रोड उभे आहेत. सावली दाट आहे. मी आज तिथे अर्धा तास बसलो.

१६ नोव्हेंबर

सुट्टी टाकून ताईकडे आलोय. आठवड्याभरात अक्रोडांची सगळी पानं गळली. अंगणात घोट्यापर्यंत पाचोळा.

माझी अँटेना छपरावर तशीच होती, कोणी काढलीच नव्हती. सवयीने मीटर लावलं. उणे एकसष्ट. जानेवारीचा आकडा, जसाच्या तसा. याच आकड्यावर मी डॉक्टरांना माझं नाव सांगायला लावलं होतं.

टेबलावर बसून पाच महिन्यांत मी एकच काम धडपणे केलंय. फॉर्मला चोविसावा रकाना जोडला: मोजणीच्या वेळी पानं होती का. साहेबांनी तीनदा परत पाठवला, चौथ्यांदा थकून मंजूर केला. आज पहिला फॉर्म मीच भरला. रकान्यात लिहिलं, नाहीत.

संध्याकाळी सिमवाली आली होती. खोऱ्यातलं काम आता दोन्ही मिळून चालतं आणि तिच्या हाताखाली चालतं. चौघं चहा पीत बसलो. फांद्यांमधून टॉवरचा तांबडा दिवा लागलेला दिसला. भाऊजींनी तो सगळ्यांना दाखवला, जणू त्यांनीच लावला होता.

आणि यंत्र टिटटिटलं.

आम्ही जागच्या जागी थांबलो. ताईचा कप हवेतच राहिला. भाऊजींचा हात उशीवर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"भुंग्या," म्हणाले, "वाजतंय. बघ."

मी उठलो.